चंद्रावरून परतलेल्या चित्रासाठी: टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांना पत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

लॅमिंग्टन रोडवरील आपल्या दुकानात मी डाग पडलेला रंगीत टीव्ही घेऊन आले होते. व्हिडिओ कलावंत नाम जून पाइक यांनी १९६५ साली चुंबकाने टीव्हीच्या नळीतील इलेक्ट्रॉन किरण वळवून पडद्यांवर चंद्रकला उमटवल्या, हे वाचून मीही पडद्याला चुंबक लावला आणि कोपरा जांभळा करून बसले. आपण डीगॉसिंग कॉइल, म्हणजे चुंबकत्व घालवणारे वेटोळे, पडद्यासमोर गोल फिरवत सावकाश मागे नेलीत, तसा तो डाग विरला. रंगीत नळीतील बारीक लोखंडी जाळी चुंबकत्व धरून ठेवते, कृष्णधवल नळीत ती जाळीच नसते, हे सांगून आपण माळ्यावरचा जुना कृष्णधवल संच काढून दिलात.

प्रदर्शनातल्या माझ्या व्हिडिओ मांडणीत प्रेक्षकाला स्वतःचे चित्र उशिराने दिसायचे होते, आणि तो उशीर प्रकाशाला चंद्रावर जाऊन परतायला लागतो तेवढाच, म्हणजे सुमारे २.५६ सेकंदांचा, सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) धरल्या तर ६४ चौकटींचा. संगणकातून निघालेले ते चित्र केवळ अँटेनाची जोडणी असलेल्या संचात उतरवण्यासाठी आपण मॉड्युलेटर जोडून दिलात आणि सहज म्हणालात, "इमारतीवर आपटून लाट उशिरा यायची, म्हणून चित्र डबल दिसायचं. ते घालवायला आम्ही गच्चीवर अँटेना फिरवायचो, आणि तुम्ही तेच मुद्दाम आणताय!" अमेरिकी कलावंत डॅन ग्रॅहम यांच्या १९७४ च्या कलाकृतीतील आरसे आणि आठ सेकंदांचा उशीर मी पुस्तकात वाचला होता, पण पडद्यावर दिसणारा आपला जुळा म्हणजे वाटेत रेंगाळलेले आपण स्वतःच, हे मला आपल्या त्या वाक्याने कळले.

दुकान बंद ठेवता येत नसल्याने आपण प्रदर्शनाला येऊ शकला नाहीत, म्हणून एक प्रसंग कळवते. एका आजींनी पदर सारखा केला आणि पेटीतली बाई तो कधी सारखा करते, याची वाट पाहत त्या अगदी ताठ उभ्या राहिल्या. "ही माझ्याहून आळशी दिसते," असे म्हणून त्यांनी तिला चकवण्यासाठी पुन्हा पदर ओढला. माझ्या टिपणात शरीराविषयी लिहिलेली दोन पाने त्यानंतर मी भिंतीवरून काढून टाकली.

संच उत्तम चालला. चित्र वर सरकू लागले की मागचा नॉब, आपण दाखवला होता तसा, डावीकडे किंचित फिरवते. संचाचे भाडे घेण्यास आपण नकार दिलात, त्याबद्दल मात्र माझी तक्रार कायम आहे.

आपली कृतज्ञ,
एक व्हिडिओ कलावंत