आई-बाबा, होकार कळवून टाकलाय

प्रिय आई-बाबा,

सलाम.

रविवारी फोनवर बाबा एकदम गप्प झाले आणि आई, तू भाजी करपतेय म्हणून फोन ठेवलास, तेव्हाच ठरवलं की हे लिहूनच सांगायचं. फोनवर मी रडायला लागते, बाबा खोकायला लागतात आणि बोलायचं ते राहूनच जातं.

तर आधी मुद्द्याचं. चर्चच्या कमिटीने माझं नाव पाठवलं होतं, बिशपसाहेबांसमोर मुलाखत झाली आणि मी होकार कळवून टाकलाय. पुढच्या महिन्यात डीकन म्हणून दीक्षा, आणि पुढे सगळं नीट पार पडलं तर प्रेसबिटर. म्हणजे पाळकच. बाबा, तुम्ही ज्यांना उठून उभं राहून 'पाळकसाहेब' म्हणता तेच काम, माझ्या वेळी साहेबाच्या जागी काय म्हणायचं ते मंडळी बघेल. ऑफिसचा राजीनामा देऊन झालाय, तो मंजूरही झालाय, तेव्हा दादाला फोन करून त्याला माझ्यामागे लावू नका, तो बिचारा दोन्हीकडून ऐकून घेतो आणि शेवटी वहिनीवर चिडतो.

आधी का नाही सांगितलं असं आई तू विचारणारच. सांगितलं असतं तर तू उपास धरले असतेस. शुगर असताना तू उपास धरतेस हे मला माहिती आहे, वहिनीने सांगितलंय, तिला काही बोलू नकोस.

आता पुण्याच्या फ्लॅटचं. तळमजला घेतला तो तुमच्यासाठीच घेतला, आईच्या गुडघ्यांसाठी, आणि तुम्ही येणार म्हणून मागच्या खोलीला जाळीसुद्धा लावून घेतली. आता पोस्टिंग कुठे मिळेल ते माझ्या हातात नाही, कदाचित एखाद्या गावच्या मंडळीत दोन खोल्यांचं पाळकघर असेल, पगारही निम्म्याच्या खाली जाईल. हे सगळं मी आणि तुमच्या जावईबापूंनी वहीत मांडून बघितलंय, त्यांची नोकरी आहे, छोटीची फी भागते, कर्जाचा हप्ता फ्लॅटच्या भाड्यातून जाईल. तुमच्या औषधांचं जे मी देते ते तसंच चालू राहणार, त्यात एक रुपयाही कमी होणार नाही. तुम्ही म्हणाल आम्ही पैशाचं कुठे बोललो. नाही बोललात, पण मला रात्री झोप लागत नाही तेव्हा मी हाच हिशोब करत बसते, म्हणून लिहिलं.

बाबा, आता तुमचं. तुम्ही म्हणालात, पौलाने काय लिहिलंय ते तुला मी सांगायला नको. खरंय, तुम्हीच पाठ करून घेतलंय. मंडळीत स्त्रियांनी गप्प बसावं हे त्याच्या करिंथकरांच्या पत्रात आहेच. पण त्याच पत्रात तीन अध्याय आधी तो म्हणतो की प्रार्थना करताना, संदेश देताना बाईने डोक्यावर पदर घ्यावा. म्हणजे बायका बोलत होत्या ना? नाहीतर पदराचा प्रश्न आला कुठून? आणि रोमकरांच्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात पहिलं नाव फिबीचं आहे, मंडळीच्या सेविकेचं, आणि अपुल्लोसारख्या विद्वानाला घरी नेऊन नीट समजावून सांगितलं त्यात प्रिस्किल्ला होती. हे मी सेमिनरीतून शिकून आले असं नका समजू. ईस्टरच्या पहाटे कबरस्तानातल्या उपासनेत तुम्हीच दरवर्षी सांगायचात की कबर रिकामी आहे ही बातमी पहिल्यांदा बायकांनी आणली आणि प्रेषितांना ती बडबड वाटली. मंडळी हसायची तेव्हा. तुम्ही नाही हसायचात, मी बघायचे.

आणि ती वाकलेल्या बाईची गोष्ट. अठरा वर्षं जिला सरळ उभं राहता आलं नव्हतं ती. तुम्ही स्वतः कंबरेत वाकून खोलीभर फिरायचात आणि मग मला लोखंडी ट्रंकेवर उभं करायचात आणि विचारायचात, "ही कोण?" आणि मी ओरडायचे, "अब्राहामाची कन्या!" शेजारचे काका दार वाजवायचे. बाबा, मला त्या वयात अब्राहाम कोण ते धड माहीत नव्हतं, पण प्रभूने तिला सभास्थानात सगळ्यांसमोर पुढे बोलावलं आणि त्यावर सभास्थानाचा अधिकारी चिडला, एवढं मात्र पक्कं कळलं होतं.

तुम्ही तुमच्या कमिटीच्या दिवसांत बायकांच्या दीक्षेवर काय मत दिलंत ते मी कधी विचारलं नाही आणि आताही विचारत नाहीये. तेव्हाची माणसं वेगळी होती, तुमच्यावर किती बाजूंनी दबाव होता हे मला मोठी झाल्यावर कळलं. तो विषय माझ्याकडून संपलेला आहे, खरंच.

आई, तुझी भीती वेगळी आहे हे मला कळतं. तू म्हणालीस, "बाईच्या हातचं प्रभुभोजन लोक घेतील का गं?"

आई, आजवर कोणाच्या हातचं घेतलं त्यांनी? शनिवारी रात्री काळ्या मनुका भिजत घालायच्या, पहाटे उकळून, कुस्करून, पातळ फडक्यातून गाळून तो रस तू करायचीस, थोडी साखर टाकायचीस आणि पाळकसाहेबांना सांगू नका म्हणायचीस. पावाच्या कडा काढून बारीक बारीक चौकोनी तुकडे करायचीस, कडा मला आणि दादाला मिळायच्या, त्या चहात बुडवून खायचो. त्या इवल्याशा पेल्यांचं ताट तू पांढऱ्या कपड्याने झाकून वेस्ट्रीच्या, म्हणजे चर्चमधल्या पाळकांच्या खोलीच्या, दारापर्यंत न्यायचीस आणि तिथून पुढे वडीलमंडळी न्यायची. सोमवारी पेले धुवायला परत तूच. दारापासून मेजापर्यंत पाच-सहा पावलं असतील. मी तेवढीच चालणार आहे गं, जास्त काही नाही.

आणि तुझ्याकडची माणसं कुठली हे तू विसरलीस की काय. पंजी छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १९०० च्या सुमाराला गुजरातेतून केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आली, अंगावर धड कपडा नव्हता म्हणे, आणि तिथे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला शिकली. रमाबाईंचं मराठी बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं, रमाबाई दोन वर्षं आधीच गेल्या होत्या, पण हिब्रू आणि ग्रीकवरून भाषांतर एका बाईचं आणि छापखान्यात हात मुलींचे. त्यातली काही पानं आपल्या पंजीच्या हातची असं आजी सांगायची, खरं-खोटं प्रभू जाणे, पण ती सांगताना तिचा चेहरा बघायचा होता. जिच्या बोटांनी वचनाचा खिळा न् खिळा लावला तिच्या पणतीने ते वचन पुलपिटावरून वाचायचं नाही, असं पंजीला सांगायला गेलो असतो तर तिने काय केलं असतं? चिमटा फेकून मारला असता.

रमाबाईंचं एक मात्र तुम्हा दोघांना मुद्दाम सांगते. १८८३ मध्ये इंग्लंडला बाप्तिस्मा झाला, नंतर त्या चेल्टनहॅमला होत्या, तिथे तरुण पुरुषांना शिकवण्याची गोष्ट निघाली तर हिंदुस्थानातल्या बिशप लोकांनीच हरकत घेतली, बाईने पुरुषांना शिकवणं बरं नाही, हिंदुस्थानात लोक नावं ठेवतील. त्यावर रमाबाईंनी स्पष्ट लिहून कळवलं की माझ्या वडिलांनी आणि नवऱ्याने कधी अशी हरकत घेतली नाही, आणि हे लोक घेतायत. बाबा, त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्र्यांनी, बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून पंडितांचा विरोध ओढवून घेतला होता. मला हे वाचताना दर वेळी तुमची सायकल आठवते. पुढच्या दांडीवर मी, मागे दप्तर, आणि थंडीत तुमचा मफलर माझ्या कानाला. मुलीला इतकं शिकवून काय करणार म्हणणाऱ्यांना तुम्ही काय उत्तर द्यायचात ते मी इथे लिहीत नाही, आईला आवडणार नाही.

बाहेरही जग थांबलेलं नाहीये. दक्षिणेत, सीएसआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ साउथ इंडियात, २०१३ मध्ये नंद्यालला एक बाई बिशप झाल्या, पुष्पा ललिता. रोमन कॅथलिक लोकांकडे पाळक बाई नाही, पण पोप फ्रान्सिसनी २०१६ मध्ये नियम बदलला आणि गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी फादर लोकांचे पाय धुतात त्यात बायकाही बसायला लागल्या, तुझ्या भिंगारच्या मैत्रिणीला विचार. तेव्हा मी काही आभाळ फाडायला निघालेली नाही.

आणि बाबा, सावेडीच्या घराचे कागद करताना तुम्ही माझं नाव दादाच्या शेजारी लावलंत. नात्यातल्या लोकांनी कुजबूज केली तेव्हा तुम्ही म्हणालात, आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १९२५ च्या वारसा कायद्यात मुलगा-मुलगी सारखेच आहेत, मी काय नवीन करतोय. मग घराच्या भिंतीत माझा अर्धा वाटा चालतो, प्रभूच्या मेजापाशी का चालू नये, एवढंच विचारायचंय. रागावू नका. वाद घालायची सवय तुमचीच लागलीये.

बरं, आता नीट ऐका. स्वयंपाकाच्या मावशी एक तारखेपासून सकाळ-संध्याकाळ येणार आहेत, त्यांना मी सगळं सांगितलंय, बाबांची भाकरी ज्वारीचीच, आईला दुधी चालत नाही, तेल बेताचं. आई, त्यांच्यामागे उभी राहून तू परत फोडणी घालायची नाही. दुधाची पिशवी दारात टांगतो तो मुलगा आता आत ओट्यावर ठेवून जाईल. गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा पाठवलाय, दादा दर रविवारी भरून देईल, बाबांनी स्वतः भरायचा नाही, त्यांनी मागच्या वेळी बीपीची आणि झोपेची गोळी एकाच कप्प्यात टाकली होती. स्कूटर बंद. बाबा, स्कूटर बंद म्हणजे बंद, चितळे रोडलासुद्धा नाही, किल्ली वहिनीकडे द्या. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दीक्षेनंतरच्या आठवड्यात करू, मी रजा... रजा कसली आता, मी येऊन राहीन. गीझर रात्री बंद करत जा. आणि पोस्टिंग कुठेही मिळो, सुट्टीचा दिवस मी नगरलाच काढणार, पाळकालाही सुट्टी असते, सोमवारी असते.

दीक्षेला दोघांनी यायचंय. दादा गाडी आणतोय, मागच्या सीटवर आईला पाय पसरून बसता येईल, वाटेत शिरूरला थांबवा आणि बाबांना चहाबरोबर काहीतरी खायला द्या. बाबा, नाही आलात तरी मी समजून घेईन, असं लिहिणार होते, पण नाही घेणार. तुम्हाला पुढे येऊन काही करायचं नाहीये, नुसतं बसायचंय. नंतर घरी नेऊन दोन तास माझं काय चुकलं ते सांगा, उच्चार, उभं राहणं, सगळं. आई, तू मोतिया रंगाची साडी नेस, ती लग्नात नेसलेली, आणि सेफ्टी पिना पर्समध्ये ठेव, मला लागतील.

बाथरूमला धरायची दांडी बसवायला शुक्रवारी अकराला माणूस येईल. त्याला पैसे देऊ नका, मी दिलेत. कमोडच्या उजवीकडे बसवायला सांगा, बाबांचा डावा खांदा दुखतो.

तुमची,
बेबी

ता.क. आई, उपास धरू नकोस.