स्पीकर राहू द्या, लूप बसवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्याच्या सभागृहाचं काम निघालंय आणि त्यात आणखी मोठे स्पीकर बसणार, असं परवा कौतुकानं सांगण्यात आलं. कानाला मशीन लावणाऱ्या माझ्यासारख्यांना त्याचा काडीचाही उपयोग नाही. मालवणीत सांगायचं तर, 'आवाज येता, पण काय बोलतत ता कळणा नाय.'

मशीनचा माईक आमच्या कानापाशी असतो. बोलणारा हाताच्या अंतरावर असेल तोवर ठीक. तो लांब गेला की पंखे, शेजारच्यांच्या गप्पा, भिंतींवरून परतणारा घुमारा सगळंच त्याच्या शब्दांत मिसळतं. पावसाळ्यात वर पत्रे वाजतात ते वेगळंच. दशावतारात तर फारच पंचाईत. संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतात. म्हणजे आधी वाचून जायचीही सोय नाही. झांज, पखवाज व्यवस्थित ऐकू येतात, पण नारद काय बोलला नि लोक का हसले ते शेजाऱ्याला विचारायचं. तो तरी किती वेळा सांगणार?

यावर उपाय आहे आणि तो जुनाच आहे: इंडक्शन लूप. प्रेक्षकांच्या बैठकीभोवती जमिनीतून तार फिरवून ती खास ॲम्प्लिफायरला जोडतात. रंगमंचावरच्या माईकचा आवाज चुंबकीय क्षेत्रातून मशीनमधल्या टी-कॉइलपर्यंत, म्हणजे ते क्षेत्र टिपणाऱ्या तारेच्या छोट्या गुंडाळीपर्यंत, थेट पोचतो. मध्ये घुमारा नाही, पाऊस नाही. ब्रिटनमध्ये नाट्यगृहांत, चर्चमध्ये, तिकीट खिडक्यांवर त्याची कानाचं चित्र असलेली पाटी असते. आपल्याकडेही केंद्राच्या 2021 च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत अशा लूपचा उल्लेख आहे. स्लॅबमधल्या सळ्यांमुळे क्षेत्र कमजोर पडतं, तेव्हा आखणी मात्र जाणकाराकडूनच करून घ्यावी.

ब्लूटूथचं ऑराकास्ट हे नवं तंत्र एका ट्रान्समीटरवरून हव्या तितक्या लोकांना ऐकवू शकतं. चांगलंच आहे, पण त्याला मशीनही त्या जातीचं लागतं, आणि पेन्शनीत दर चार वर्षांनी नवं मशीन कोण घेतो? उलट कानामागे बसणाऱ्या बऱ्याच साध्या मशीनमध्ये टी-कॉइल असते. फक्त ती देणाऱ्याने चालू करून द्यावी लागते. मला मशीन विकणाऱ्याने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. कानाच्या आत बसणाऱ्या इवल्याशा मशीनमध्ये तिला बहुधा जागाच नसते, म्हणून घेण्याआधी विचारा.

फरशी एकदा बसली की पुन्हा कोणी उखडणार नाही. म्हणून कंत्राटदाराला निदान तारेसाठी पाइप तरी आत्ताच टाकायला सांगावा. ॲम्प्लिफायरला निधी नसेल तर आम्ही वर्गणी काढू.

आपला,
एक वाचक, कुडाळ