काकू, मला कंटाळा आला होता

प्रिय काकू,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं असतं तर तुम्ही फोन करून ओरडला असतात, आणि तुमचा आवाज किती चढतो ते आमच्या वसतिगृहातल्या चौदाजणींना चांगलंच ठाऊक आहे. संस्थेचंही नाव टाकत नाही. ज्यांना कळायचं त्यांना 'रमणबाग' आणि 'थर्मास' एवढ्यावर कळेल.

हे पत्र खूप वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं. नाही लिहिलं, कारण आभार मानायचा मला वीट आला होता. तो का आला होता ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

बारावीला चांगले मार्क पडले तेव्हा तालुक्याच्या गावी एका मंडळानं माझा सत्कार ठेवला होता. आई, दादा (म्हणजे माझे वडील) आणि मी दुपारी तीनपासून पहिल्या रांगेत बसून. पाहुणे साडेसहाला उगवले. मग भाषणं. प्रत्येक भाषणात मी 'गरीब पण होतकरू' होते. तो 'पण' मला अजून आठवतो. दारातून आडवा आत येणार नाही एवढा पुठ्ठ्याचा चेक माझ्या हातात दिला, दादांना त्याचं दुसरं टोक धरायला लावलं, फोटो झाले. 'दोन शब्द' बोलायला मला एक चिठ्ठी दिली होती. तीत 'आपल्या उपकारांतून मी कशी उतराई होऊ' असं कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं. मी ते वाचलं. टाळ्या झाल्या. खरा चेक कार्यालयातून न्यायचा होता. दादा त्यासाठी तीनदा एस.टी.नं गेले. तिसऱ्या खेपेला साहेब बाहेरगावी होते. पुढं दिवाळी आली, आई-दादा कोयता घेऊन ऊसतोडीला निघाले आणि तो विषय संपला. पुठ्ठा मात्र आम्हाला नेऊ दिला होता. कोंबड्यांच्या खुराड्याला त्याचा दोन पावसाळे चांगला आडोसा झाला. प्लॅस्टिकचा थर होता ना वरून.

पुण्यात इंजिनिअरिंगला आले. दुसऱ्या वर्षी कॉलेजची सहल निघाली तेव्हा मी नाव द्यायला ऑफिसात गेले. तिथले गृहस्थ माझा अर्ज बघून म्हणाले, "तुमची फी माफ आहे ना? मग सहल कशाला?" खरं सांगते, माणूस वाईट नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. त्यांच्या हिशेबात मला वर्ग होता, वही होती, परीक्षा होती. त्यापलीकडं मी काय करणार?

अशात तुमच्या संस्थेची खोली आणि मेस मिळाली. वाटलं, आता इथंही कुणाकुणाला वाकून नमस्कार करावे लागणार. सही कुठं करायची ते विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "सही नंतर कर. रविवारी सकाळी साडेसातला तयार राहा, केळकर म्युझियमला जायचंय. चपला नकोत, बूट घाल, चालायचंय भरपूर."

महिन्याचा एक रविवार आमचा 'बाहेर' जायचा. बँकेतून निवृत्त झालेल्या तुम्ही, खांद्यावर ती कापडी पिशवी, पिशवीत थर्मास, आणि मागं आम्ही चौदाजणी. केळकर संग्रहालयात दिवे, दौती, अडकित्ते बघत फिरताना माझी परांड्याकडची रूममेट एका काचेपुढं थांबून म्हणाली, "अगं, हा आमच्या आजीचा अडकित्ता!" रखवालदारासकट सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. "आजी कुठला वापरते? असाच? कमळ आहे का त्याच्यावर?" असं विचारत बसलात. दिनकर केळकरांनी वीस हजारांवर वस्तू घरोघर फिरून जमवल्या आणि आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं ठेवल्या, हे तुम्ही तिथंच जिन्यात उभं राहून सांगितलंत. त्या रूममेटनं घरी फोन केला आणि आजीला सांगितलं की अडकित्ता कुणाला देऊ नकोस.

एका २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदला नेलंत. नारायणगावच्या टोमॅटोच्या मळ्यांतून गाडी गेली आणि एकदम रेडिओ दुर्बिणीच्या त्या थाळ्या दिसल्या. एकेक पंचेचाळीस मीटरची, अशा तीस. मी इलेक्ट्रॉनिक्सची, पुस्तकात अँटेना शिकलेली. पण थाळी भरीव नसते, तारेची जाळी असते आणि तिच्याआडचं आभाळ दिसतं, हे मला पुस्तकानं सांगितलं नव्हतं. आज मी पोरांना तोच विषय शिकवते आणि दर वर्षी त्या जाळीपाशी पाच मिनिटं जास्त घालवते.

तुमच्याच संस्थेच्या एका देणगीदारांना हे फिरणं पसंत नव्हतं, ते आम्हाला माहीत होतं. वार्षिक सभेला आम्ही चहा देत होतो तेव्हा ऐकलं: "गाणी-बजावणी ऐकून यांची पोटं भरणार का? त्याच पैशात वह्या आल्या असत्या." तुम्ही बशीतलं बिस्किट उचलत म्हणालात, "वह्याही देऊ की." बस. त्यावर काही बोलायला त्यांना सुचलं नाही.

खरं तर त्या गृहस्थांना कोल्हापूरला नेऊन आणायला हवं होतं. शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाच्या मुलांसाठी काढत गेले. त्याच राजानं खासबागेत कुस्तीचं मैदान बांधलं, १९१५ साली पॅलेस थिएटर उभं केलं आणि गवई अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी ठेवलं. त्यांनी बोर्डिंगचे पैसे आणि गाण्याचे पैसे एकमेकांसमोर उभे करून भांडण लावलं नव्हतं. हे भांडण आपण नंतर लावलं, आणि तेही फक्त दुसऱ्यांच्या मुलांसाठी. स्वतःच्या मुलांना पोहायला, चित्रकलेला, गाण्याला घालताना वह्यांचा हिशेब कोण काढतो?

आता रमणबाग.

२०१३चा डिसेंबर. रमणबाग शाळेच्या मैदानावर सवाई गंधर्व. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूच्या, सवाई गंधर्वांच्या, आठवणीसाठी १९५३ साली सुरू केलेला गाण्याचा महोत्सव, ही माहिती तुम्ही बसमध्येच उरकली होती. भीमसेन आमच्यासाठी काकड्याच्या वेळी देवळाच्या भोंग्यावर लागणारे अभंग होते. ते अकराव्या वर्षी गुरू शोधायला घरातून पळाले, रेल्वेतून बिनतिकिटाचे हिंडले, हे ऐकून मात्र आम्ही सगळ्या तुमच्याकडं वळलो. बिनतिकिटाचा प्रवास म्हणजे आमच्या ओळखीचा विषय.

भारतीय बैठकीचं तिकीट होतं. शाली, उशा, डबे घेऊन आलेली माणसं. पहिलं गाणं सुरू झालं. गायकाचं नाव लिहीत नाही, त्यांचा काही दोष नव्हता. अर्धा तास झाला, पाऊण झाला. आजूबाजूला माना डोलत होत्या, 'वाह' येत होती. मी मांडी बदलत होते. डोक्यात दुसरंच चाललेलं: आज कुठला फड असेल, आईची पाठ कशी असेल, ट्रॅक्टर रात्रीच भरायला लावला असेल का. आणि मी इथं शाल पांघरून गाणं ऐकतेय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तशा मीही वाजवल्या.

पुढचे तानपुरे जुळत होते तेव्हा तुम्ही विचारलंत, "कसं वाटलं?"

"छान." "खूप छान." "अप्रतिम." (हा शब्द तिनं त्याच आठवड्यात उचलला होता.) एकीमागून एक येत येत माझी पाळी आली. काय झालं कुणास ठाऊक, त्या मंडळाची चिठ्ठी डोळ्यांपुढं आली असेल, पण माझ्या तोंडातून निघून गेलं:

"मला कंटाळा आला, काकू."

परांड्याकडच्या बाईसाहेबांनी मला जोरात चिमटा काढला. तिकिटाचे पैसे दुसऱ्याचे, शाल दुसऱ्याची, आणि वर ही मिजास! मला वाटलं, आता ऐकावं लागणार की तुला संधी मिळाली त्याची किंमत नाही. हे वाक्य मी तोवर पाच-सहा जणांकडून ऐकलेलं होतं.

तुम्ही थर्मासचं झाकण फिरवून काढलंत, त्यात चहा ओतलात, तो माझ्या हातात दिलात आणि विचारलंत, "कुठल्या भागाचा?"

एवढंच. काकू, त्या तीन वर्षांत संस्थेनं माझ्यावर केलेला खर्च मी एकदा मांडून पाहिला होता, आकडा बराच होता. पण मला तुमचे आभार मानायचेत ते या दोन शब्दांचे. कारण तुम्ही नुसतं समजून घेतल्यासारखं केलं नाहीत. 'हळूहळू आवडेल हो' म्हणाला नाहीत. मला कंटाळा आला म्हणजे त्याला काहीतरी कारण असणार, आणि ते कारण ऐकण्यासारखं असणार, असं धरून तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. घेणाऱ्यालाही आवडनिवड असू शकते, हे तोवर मला देणाऱ्यांपैकी कुणी गृहीतच धरलं नव्हतं. चांगुलपणाची मोठमोठी रूपं मी नंतर पाहिली, पण मी माणूस जोखते तो अजून याच मापानं. 'आवडलं नाही' म्हटल्यावर चेहरा पडतो, की प्रश्न येतो?

तर मी म्हणाले, "तबला वाजतोय, पण कशासाठी वाजतोय ते कळत नाही. आमच्याकडं भजनाला दादांचा पखवाज वाजला की पाय आपोआप हलतो."

"दादा पखवाज वाजवतात?" तुम्ही सरळ होऊन बसलात. "मग तुला सम माहीत आहे. तालाची फेरी फिरून जिथं परत येते ती पहिली मात्रा. नाव माहीत नसेल."

दुसरं गाणं सुरू झालं. विलंबित एकताल, म्हणजे अगदी संथ लयीतला बारा मात्रांचा ताल. तुम्ही माझा पंजा उघडलात. चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, झाल्या बारा मात्रा. तीस वर्षं नोटा मोजलेला तुमचा अंगठा माझ्या पेरांवरून सरकायला लागला आणि कानाशी तुम्ही पुटपुटत होतात: धिं, धिं, धागे, तिरकिट, तू, ना, कत्, ता, धागे, तिरकिट, धी, ना. "तिरकिट दोनदा येतं. पहिल्याला फसू नकोस. दुसरं आलं की सावध हो, दोन मात्रांवर घर आहे."

एका फेरीला जवळजवळ मिनिट लागत होतं. पहिल्या फेरीत मी हरवले. दुसऱ्या फेरीत पहिल्याच तिरकिटला फसले. तिसऱ्या फेरीत तुम्ही अंगठा काढून घेतलात आणि मी घाईघाईनं आधीच येऊन पोचले. चौथ्या फेरीला मी करंगळीच्या टोकाच्या पेरावर होते, तेव्हा गायक कुठंतरी वरच्या सुरात लांब निघून गेलेला. वाटलं, हा काही आता येत नाही. आणि 'धिं'वर तो, तबला, पुढच्या रांगेतल्या मफलरवाल्या आजोबांची मान आणि माझी मान, सगळं एकाच वेळी खाली आलं.

दादा देवळात पखवाजावर झुकतात ना, तस्संच.

मी तुमच्याकडं बघितलं तर तुम्ही माझ्याकडं बघत नव्हतात. डोळे मिटून स्वतःच्या पेरांवर मोजत बसला होतात. तेही फार बरं केलंत. तेव्हा कुणी माझा आनंद निरखत बसलं असतं तर मी आवरून घेतला असता.

आता लिहायचं कारण. दादांचा खांदा गेला, तीन वर्षं झाली, आता ते तोडीला जात नाहीत. गेल्या डिसेंबरात मी त्यांना पुण्याला आणलं. सवाई आता मुकुंदनगरला भरतं, मैदान मोठं आहे. धोतर सावरत दादा बैठकीवर बसले. संथ लयीतला बडा ख्याल सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी माझ्या कानाशी लागले, "लई सावकास चाललंय की गं हे."

मी विचारलं, "कुठला भाग सावकाश वाटतोय?"

ते जरा विचारात पडले. मग मी त्यांचा पंजा उघडला. कोयत्यानं त्यांच्या तर्जनीचं शेवटचं पेर कधीच नेलंय, त्यामुळं तिथं मात्रा हवेत मोजावी लागली. दुसऱ्याच फेरीला त्यांनी समेवर मांडीवर थाप मारली. शेजारच्या बाईंनी वळून बघितलं. दादा म्हणाले, "हे तर आपलंच हाय. तुला कुणी दावलं?"

मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं. संस्थेत चौकशी केली तर कळलं, गुडघ्यांमुळं तुमचं येणं बंद झालंय आणि रविवारी मुलींना आता कुणी नेत नाही. दुसऱ्या गोष्टीचं बघते. या महिन्यापासून तिसरा रविवार माझा. पहिल्यांदा केळकर संग्रहालयच, तुमच्याच क्रमानं.

पहिल्या गोष्टीचं असं, की यंदा डिसेंबरात तुम्ही, मी आणि दादा. तुमचं तिकीट खुर्चीचं काढते. थर्मास मी आणणार. आणि काकू, आता बोलतेच: तुमचा तो चहा फार अगोड असायचा. तेव्हा एवढी हिंमत झाली नव्हती.

तुमची,
खोली नंबर ६ मधली