फाउंड्रीची काळी वाळू बांधकामाला द्या

महोदय,

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव परिसरातील फाउंड्रींमध्ये, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून सुटे भाग घडवणाऱ्या कारखान्यांत, सिलिका वाळूत बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी मिसळून साचे बनवतात. तीच वाळू वारंवार तापून तिचे कण झिजले की टाकून द्यावी लागते. ती मूठभर उचलली, तर बोटांना काजळीसारखा थर लागतो. एकीकडे हे ढीग आणि दुसरीकडे बांधकामासाठी नदीपात्रांचा उपसा, हे बघवत नाही.

चाळून व चुंबकाने लोखंडाचे कण काढून ही वाळू पेव्हर ब्लॉक, विटा आणि काँक्रीटमध्ये नेहमीच्या वाळूच्या काही हिश्शाऐवजी वापरता येते. मात्र बारीक मातीमुळे ती पाणी अधिक शोषते, त्यामुळे तिचे प्रमाण बेतानेच ठेवावे लागते. शिवाय फिनॉलिक रेझिन (वाळूचे कण घट्ट बांधणारे रसायन) वापरलेली वाळू वेगळी साठवणे आणि तिच्यातून पाण्यात काय उतरते हे तपासणे सक्तीचे हवे. या बाबतीत ढिलाई नको, कारण भोवताली विहिरी आणि उसाची शेती आहे.

सार्वजनिक बांधकाम विभागाने पदपथांच्या निविदांत अशा तपासलेल्या ब्लॉकना स्थान द्यावे आणि औद्योगिक वसाहतीत चाळणी व तपासणीचे सामाईक केंद्र उभारावे. लहान फाउंड्रीवाल्याला हा खर्च एकट्याने झेपणारा नाही.

एक वाचक, कोल्हापूर