निघण्याआधी एवढं वाचा

ती. आई-बाबा,

नमस्कार. फोनवर बाबा "हो, हो, झालं सगळं" म्हणतात आणि आई विषय बदलते, म्हणून लिहायला बसले. पत्र वाचताना तुम्हाला "आवाज तुटतोय गं" म्हणून सुटता येणार नाही.

गाडीने जायचं तुमचं ठरलंय, आणि त्यात मी मोडता घालणार नाही. इतका लांबचा रस्ता दोघांनी मिळून बघायचा, हे मला खरंच आवडलंय. माझी तक्रार वेगळीच आहे. पहाटे किती वाजता निघायचं हे बाबांनी मिनिटासकट ठरवलंय. कुठे थांबायचं ते मात्र कुणीच ठरवलेलं नाही.

आधी गाडी. सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी करा. काम झाल्यावर काही ढिलं राहिलं असेल, कुठे गळत असेल, तर ते रोजच्या फेऱ्यांतच कळलेलं बरं. आणि बाबा, टायर. तुमची गाडी फारशी चालत नाही, त्यामुळे टायरची नक्षी अजून नव्यासारखी दिसते. पण टायर नुसता झिजत नाही, म्हाताराही होतो. उभ्या गाडीतसुद्धा रबर सुकतं, बारीक भेगा पडतात. टायरच्या कडेला 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 असेल तर टायर 2019 सालच्या 23व्या आठवड्यात तयार झालेला. कधी कधी हे आकडे टायरच्या आतल्या बाजूला असतात. त्यासाठी तुम्ही गुडघे टेकून वाकू नका, मेकॅनिकला मोबाईलवर फोटो काढायला सांगा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही शाबूत असली तरी बदला, असं टायर बनवणाऱ्या कंपन्याही सांगतात. स्टेपनीलाही हेच लागू. तिची हवा तर हमखास विसरली जाते.

हवा बघायची ती टायर थंड असताना, म्हणजे गाडी तीनेक तास उभी राहिल्यावर. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं, आणि भरलेल्या गाडीसाठी बहुतेक वेळा वेगळा, जास्तीचा आकडा दिलेला असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा. तो बघून हवा भरू नका, हवावाला कितीही खात्रीने सांगो.

आता आईकडे वळते. आई, तुझ्या पिशव्यांना मी काही म्हणणार नाही (म्हणून उपयोग झाल्याचं आठवत नाही). फक्त जड सामान डिकीत तळाला आणि मागच्या सीटला टेकून ठेव, हलकं वर. मागच्या काचेखालच्या फळीवर काहीही नको. जोरात ब्रेक लागला की तिथली साधी बाटलीसुद्धा डोक्यावर येते. आणि जॅक, पाना, धोक्याचा लाल त्रिकोण हे सगळ्या सामानाच्या बुडाशी जाऊ देऊ नकोस. पंक्चर भर रस्त्यात होतं, आणि तेव्हा कडेला बिऱ्हाड मांडून बसायची वेळ येते.

औषधांची पिशवी मात्र नीट भरायची, आणि ती डिकीत नाही, तुझ्या पायाशी. गोळ्या डबीत सुट्या करू नकोस. स्ट्रिप कापलीस तर नाव आणि तारीख असलेला तुकडा राहील असं बघ. परतायला उशीर होऊ शकतो, म्हणून आठवडाभराच्या जास्तीच्या घे. डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावं लिहून घे, कारण कंपनीचं नाव प्रत्येक दुकानात मिळेलच असं नाही. त्या कागदाचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये हवा. तुझं इन्सुलिन चालू पेनमधलं असेल तर साधारण 30 अंशांच्या आत चालतं, न उघडलेलं 2 ते 8 अंशांत. थंड पिशवीत ठेवताना बर्फाला थेट टेकवू नकोस. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं. आणि कुठेही उतरलात की पिशवी बरोबर घेऊन उतर. उन्हात बंद गाडी थोड्याच वेळात भट्टी होते. ग्लुकोजच्या गोळ्या पिशवीत नकोत, दाराच्या कप्प्यात, हाताला लागतील अशा.

बाथरूम शोधत बसायला नको म्हणून तू प्रवासात पाणीच पीत नाहीस, हे मला ठाऊक आहे. तसं करू नकोस. चार तासांहून जास्त एका जागी बसलं की पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. वय वाढलं की आणखी, आणि बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन फार दिवस झालेले नाहीत. चालताना पोटऱ्या रक्त वर ढकलतात, बसल्यावर ते काम थांबतं. तू निदान बसल्या बसल्या घोटे फिरवू शकतेस. बाबांना गाडी चालवताना तेही जमणार नाही. म्हणून दर दोन तासांनी दोघांनी उतरायचं आणि पाच-दहा मिनिटं चालायचं. लांब प्रवासाला निघतोय हे डॉक्टरांना निघण्याआधीच सांगा. बाबांची लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी कधी घ्यायची तेही विचारा. मनाने बुडवू नका.

बाबा, आता तुम्हाला न आवडणारं. एका दमात पोहोचायचं नाही. तिन्हीसांजेनंतर गाडी चालवायची नाही. समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, असं तुम्हीच आईला सांगितलंत आणि आईने मला. काच आतूनही पुसून घ्या, आतल्या थरानेच चकाकी जास्त वाढते. दुपारी जेवणानंतर पेंग आली तर काच खाली करून, गाणी मोठी लावून ती जात नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवा, वीस मिनिटं डोळे मिटा. चहा-कॉफी घेणार असाल तर झोपायच्या आधी घ्या. तिला अंगात चढायला तसाही अर्धा तास लागतो. आणि सर्दीची गोळी घेऊन स्टिअरिंगवर बसू नका, तिच्यातल्या काहींनी चांगलीच झोप येते.

तेव्हा कागद घ्या आणि आधी मुक्काम लिहा, प्रत्येक दिवशी उजेडात पोहोचता येईल असे. त्यावरून निघायची वेळ ठरवा. ती यादी आणि टायरच्या आकड्यांचे फोटो मला रविवारपर्यंत पाठवा. नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवायचं काम मी करते, म्हणजे रेंज गेली तरी रस्ता दिसेल. यादी आली की लगेच बसते.

तुमची,
धाकटी

ता. क. – आई, दुमडायची खुर्ची ने खुशाल, थांबलात की बाबांना बसायला होईल. इस्त्री मात्र घरीच ठेव.