कंदाची पाठ उन्हात राहू दे

प्रिय मित्रा,

बिअर्डेड आयरिस, म्हणजे दाढीवाल्या फुलांच्या आयरिस या फुलझाडाचे चार कंद आजच कुरिअर केलेत. पानं पंख्यासारखी वीतभर कापलेली बघून घाबरू नकोस, मुद्दाम कापलीत, मुळं धरेपर्यंत एवढ्या पानांना पाणी पुरवायचं कुणी?

आता नीट ऐक, खोल पुरू नकोस. खड्ड्यात मातीचा छोटा उंचवटा कर, कंद त्यावर आडवा ठेव, मुळं दोन्ही बाजूंनी खाली सोड आणि माती घट्ट दाब, पण कंदाची पाठ उघडीच राहू दे, तिला ऊन लागलं पाहिजे. मी पहिल्यांदा चांगले तीन बोटं खोल पुरले होते आणि वर प्रेमाने रोज पाणी. पानं बुडापासून पिवळी पडली, एक पंखा जरा ओढला तर अख्खा हातातच आला, खाली कंदाचा नुसता लगदा आणि असा घाण वास की काय सांगू. फार वाईट वाटलं रे. मग बाकीच्यांचा मऊ भाग चमच्याने खरवडला, कडक पांढरा गर लागेपर्यंत, दोन दिवस उन्हात वाळवले आणि परत लावले. दोन वाचले, तुझे कंद त्यांचेच.

जागा ६ तास तरी उन्हाची आणि पाणी न साचणारी बघ, दोन कंदांत ३० ते ४५ सेंमी अंतर ठेव. नत्राचं खत जास्त नको, नुसती पानं माजतात आणि कुजही लवकर लागते.

पहिल्या वर्षी फूल नाही आलं तर उपटू नकोस हं. एक कंद एकदाच फुलतो, पुढची फुलं त्याच्या बगलेतून फुटलेल्या पिल्लांना येतात, म्हणून ३-४ वर्षांनी गर्दी झाली की फुलं संपल्यावर खणून वेगळे करायचे, म्हातारा कंद टाकून द्यायचा.

आणि फूल आलं की अगदी जवळ जाऊन बघ. तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली झुकलेल्या, आणि खालच्या प्रत्येकीवर मऊ केसांची दाढी, माझ्याकडच्या जांभळ्यात ती केशरी आहे. मधमाशी त्या दाढीवरूनच आत घुसते, बाहेर येते तेव्हा पाठीवर पराग असतात. मी सकाळी तिथेच बसून असतो.

पार्सल आलं की लगेच उघड, प्लॅस्टिकमध्ये ठेवू नकोस, आणि लावल्यावर माती घालायच्या आधी एक फोटो पाठव, खोली मला बघायचीये.

तुझाच