बसस्टॉपजवळच्या चप्पल दुरुस्तीवाल्या काकांना

काका,

मे महिन्यात लेकीचे बॅलेचे बूट घेऊन मी तुमच्या छत्रीखाली आले होते, आठवतंय? गुलाबी साटीनचे, टोकाला लाकडासारखे टणक. तुम्ही उलटेपालटे करून विचारलंत, "हे घालून चालतात?" म्हटलं, बोटांच्या टोकावर उभं राहतात. तुम्ही हसला नाहीत. तिला म्हणालात, "बाळा, पाय दाखव."

तिच्या पायाची कमान फार उंच. महिन्याभरात बूट मधोमध मोडायचा आणि दुकानात एकच उत्तर, नवीन जोडी घ्या. पैशांचं सोडा, पोरगी स्वतःच्या पायालाच नावं ठेवायला लागली होती. तुम्ही रापीने चामड्याची पट्टी कापलीत, कडा कागदासारख्या पातळ तासल्यात, आत बसवलीत. बाहेरून एक टाका दिसत नाही. चाळीस रुपये घेतलेत!

तेव्हा सांगायचं राहिलं. अशाच कमानीच्या पायांची एक बाई होऊन गेली, ॲना पावलोवा. १८८१ साली रशियात, सेंट पीटर्सबर्गला जन्मली. आई लोकांचे कपडे धुवायची. नृत्यशाळेने आधी परत पाठवलं, १८९१ साली घेतलं. किडकिडीत म्हणून वर्गातल्या मुली तिला 'झाडू' म्हणत. १९०६ मध्ये ती तिथल्या शाही रंगमंचाची मुख्य नर्तकी झाली.

आणि बूट? तिने तळाला कडक चामडं घातलं, टोक चपटं करून घेतलं. इतर नर्तकींना ती लबाडी वाटली. आजचे टणक बूट त्याच वळणाचे आहेत. फोटोत मात्र टोक निमुळतं दिसावं म्हणून ती ते खोडून घ्यायची म्हणे; एवढी हौस तिलाही होतीच.

मरणाऱ्या हंसाचं तिचं नृत्य जेमतेम चार मिनिटांचं. पाय सारखे टोकावर, बारीक बारीक पावलं. ते घेऊन ती जग फिरली, मुंबईतही नाचली. जानेवारी १९३१ मध्ये नेदरलँड्समधल्या हेग शहरात फुप्फुसाच्या आजाराने गेली. पन्नाशीला तीन आठवडे कमी होते.

लेकीला हे सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे काकांना हे आधीच माहीत होतं?"

परीक्षा झाली तिची, त्याच जोडीवर. तुमचे मनापासून आभार. डाव्या बुटातली पट्टी जरा सरकतेय, शनिवारी घेऊन येते. या वेळी पैसे नीट सांगा.

तुमच्या त्या बाळाची आई